इंजिन बांधताना: सगळा खेळ फटींचा

मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक पिस्टन सेकंदाला १०० वेळा थांबतो आणि उलट दिशेला धावू लागतो. पन्नासदा वर, पन्नासदा खाली. त्याच्या डोक्यावर पेटलेला वायू, खाली गरगरणारा क्रँकशाफ्ट (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरण्यात बदलणारा दांडा), आणि मध्ये धातूचे असे जोड, जे एकमेकांवर कोरडे घासले तर मिनिटभरात जळून जातील. तरी इंजिन वर्षानुवर्षं चालतं, कारण धातूला धातू लागतच नाही. जिथे काही फिरतं किंवा सरकतं तिथे मोजून ठेवलेली एक फट असते आणि त्या फटीत तेल असतं.

इंजिन खोलून परत बांधायचं म्हटलं की डोळ्यांपुढे पाने आणि बोल्ट येतात. प्रत्यक्षात पान्याचं काम सगळ्यात शेवटी येतं, आणि तेही थोडंच असतं. बाकी सगळा वेळ जातो तो फटी मोजण्यात आणि त्या फटींत घाण जाऊ न देण्यात. ब्लॉकच्या (ज्यात सिलिंडर असतात त्या इंजिनाच्या मुख्य धडाच्या) आतले भाग कसे बसवतात आणि तसेच का बसवतात, ते या नजरेने पाहिलं की एरवी किचकट वाटणारे नियम आपोआप उलगडत जातात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. इथले आकडे ढोबळ आहेत, साधारण मोटारीच्या इंजिनाला लागू पडतील असे. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा त्याच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्येच मिळेल. माझा आणि मॅन्युअलचा आकडा जुळला नाही, तर मॅन्युअलचं ऐका.

तेल शाफ्टला उचलतं कसं

क्रँकशाफ्टचा जो गोल, गुळगुळीत भाग बेअरिंगमध्ये फिरतो त्याला जर्नल म्हणतात. जर्नल आणि बेअरिंग यांच्यात किती फट हवी याचा जुना ठोकताळा आहे: व्यासाच्या एक हजारांश. म्हणजे ५० मिलिमीटरच्या जर्नलला ०.०५ मिलिमीटर. नव्या इंजिनांत ती याहूनही कमी असते. साधा छपाईचा कागद ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे ही फट कागदाच्या निम्मी. तीही दोन्ही बाजूंची मिळून.

बहुतेकांना वाटतं, की ऑइल पंप दाबाने तेल ढकलतो आणि त्या दाबावर शाफ्ट तरंगतो. तसं नाही. पंप फक्त तेल आणून पोचवतो. उचलण्याचं काम शाफ्ट स्वतः करतो. १८८३ मध्ये ब्रिटिश अभियंता बीचम टॉवर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. बेअरिंगला वरून पाडलेल्या भोकातून तेल बाहेर येऊ लागलं, म्हणून त्याने तिथे बूच मारलं. यंत्र फिरू लागलं आणि बूच बाहेर फेकलं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. तेल नुसतंच भांड्यात ठेवलेलं होतं, पंप कुठेच नव्हता, तरीही आत एवढा दाब तयार होत होता. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये त्याचं गणित मांडलं. भाराखाली शाफ्ट बेअरिंगमध्ये किंचित एका बाजूला सरकतो, त्यामुळे फट एकीकडे रुंद आणि दुसरीकडे निमुळती होते. फिरणारा पृष्ठभाग चिकट तेलाला त्या निमुळत्या बाजूला ओढत नेतो, तेलाची पाचर बसते आणि शाफ्ट उचलला जातो.

बेअरिंगच्या फटीचा दोन्हीकडून एवढा जाच का, ते इथे कळतं. फट जास्त झाली तर तेल कडेने निसटून जातं, पाचर नीट बसत नाही आणि सगळ्या इंजिनाचा ऑइल प्रेशर पडतो. कमी झाली तर तेल पुरेसं वाहत नाही, उष्णता वाहून नेली जात नाही, आणि सर्वांत जास्त भाराच्या क्षणी धातूला धातू लागतो. फट बरोबर असली तरी सर्वांत जास्त भाराच्या क्षणी तेलाचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा, कधी त्याहूनही कमी उरतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तेवढ्या थरात एक वाळूचा कण शिरला तर काय होईल, याचा विचार करूनच पुढचं काम हाती घ्यायचं.

धुणं, आणि पुन्हा धुणं

रिबोअर (सिलिंडर कातून किंचित मोठा करणं) आणि होनिंग (तो आतून दगडाने घासणं) करून ब्लॉक परत येतो तेव्हा सिलिंडरच्या आत, म्हणजे बोअरमध्ये, एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या बारीक रेघा दिसतात. त्या मुद्दाम पाडलेल्या असतात. त्या खाचांत तेल धरून राहतं आणि नव्या रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) याच रेघांच्या टोकांवर घासून बोअरला बसतात. पण होनिंगच्या दगडाचा चुरा आणि धातूची पूडसुद्धा त्याच खाचांत अडकलेली असते.

इथे सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे ब्लॉक नुसता रॉकेलने किंवा डिझेलने धुणं. त्याने तेलकटपणा जातो, बोअर चकचकीत दिसतो, पण चुरा खाचांत तसाच बसून राहतो. तो काढायला गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ताठ केसांचा ब्रश लागतो. घासून झालं की बोअरमध्ये थोडं तेल लावायचं आणि पांढऱ्या स्वच्छ फडक्याने पुसायचं. फडक्यावर करडा डाग आला, की पुन्हा पाणी, पुन्हा ब्रश. फडकं पांढरं निघेपर्यंत हे चालू ठेवायचं. कंटाळवाणं आहे, पण या पायरीला दुसरा पर्याय नाही.

बोअर साफ झाला म्हणजे ब्लॉक साफ झाला, असं नाही. ब्लॉकच्या पोटातून तेलाच्या लांब वाटा गेलेल्या असतात. त्यांच्या टोकांचे प्लग काढून लांब बारीक ब्रश आरपार फिरवावा लागतो. क्रँकशाफ्टमध्येही मेन जर्नलपासून (जे ब्लॉकमध्ये फिरतं) कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) जर्नलपर्यंत तिरकी भोकं असतात. क्रँक ग्राइंडिंगला गेला असेल तर तिथली पूड याच भोकांत साठते, आणि पहिल्याच मिनिटाला तेल ती थेट नव्या बेअरिंगवर नेऊन ओतते. बोल्टची भोकंही हवा मारून रिकामी करायची. डोळ्यांवर चष्मा हवाच. बंद तळाच्या भोकात पाणी किंवा तेल साचलेलं राहिलं, तर बोल्ट आवळताना त्या द्रवाला पळायला जागा नसते आणि त्याच्या दाबाने चांगला ब्लॉक तडकू शकतो.

हवेने सुकवलं की लगेच तेल लावायचं. उघडं बीड (ओतीव लोखंड) ओलं राहिलं तर बघता बघता तांबूस होतं.

क्रँक बसवणं

क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारं मेन बेअरिंग म्हणजे दोन अर्धगोल पट्ट्या, ज्यांना शेल म्हणतात. पाठ पोलादाची आणि आतल्या बाजूला मऊ मिश्रधातूचा पातळ थर. मऊ अशासाठी, की एखादा कण आलाच तर तो शेलमध्ये रुतावा, क्रँकला ओरखडा पडू नये. झीज झाली तर शेल बदलता येतो, क्रँक महाग.

बहुतेक इंजिनांत ब्लॉकच्या बाजूच्या शेलला तेलाचं भोक आणि खाच असते, कॅपच्या (क्रँकवरून बोल्टने आवळायच्या झाकणाच्या) बाजूचा शेल साधा असतो. दोन्हींची अदलाबदल झाली तर साधा शेल ब्लॉकमधली तेलाची वाट बंद करतो आणि ते जर्नल कोरडं पडतं. शेल बसवल्यावर भोकाशी भोक जुळलंय ना, हे डोळ्यांनी बघायला दोन सेकंद लागतात.

शेलची पाठ आणि ती जिथे टेकते ती जागा कोरडी आणि लख्ख हवी. आत, जर्नलच्या बाजूला भरपूर तेल. पाठीला थेंबभरही नाही. कारण शेल जागच्या जागी राहतो तो घट्ट दाबला गेल्यामुळे. प्रत्येक अर्धा शेल अर्ध्या वर्तुळापेक्षा किंचित लांब केलेला असतो. कॅप आवळली की दोन्ही शेलची टोकं एकमेकांवर दाबली जातात आणि शेल चहूबाजूंनी आपल्या घरात घट्ट बसतो. पाठीमागे तेल किंवा कचरा राहिला तर ही पकड बिघडते, शेलमधली उष्णता ब्लॉकमध्ये जात नाही, आणि कचरा असेल तर शेल आत फुगून तिथली फट खाऊन टाकतो. शेलच्या कडेला जी छोटी जीभ असते ती फक्त बसवताना जागा दाखवण्यासाठी; शेलला फिरण्यापासून रोखण्याचा भार तिच्यावर नसतो. आणि बाहेर डोकावणारी टोकं कानशीने घासून सपाट करायचा मोह झाला, तर कानस दूर ठेवून द्या. तीच तर पकड आहे.

मेन कॅपवर आकडे आणि पुढची दिशा दाखवणारे बाण असतात. कारखान्यात बेअरिंगची भोकं कॅप जागेवर आवळून एका ओळीत, एकदमच कातलेली असतात. म्हणून दोन नंबरची कॅप तीन नंबरला बसते, पण तिथे भोक गोल राहत नाही.

आता फट मोजायची. उत्तम मार्ग म्हणजे जर्नल मायक्रोमीटरने आणि आवळलेल्या कॅपसह बेअरिंगचं भोक बोअर गेजने मोजून वजाबाकी करणं. त्याच्या जोडीला, किंवा बोअर गेज नसेल तेव्हा, प्लास्टिगेज नावाचा मेणासारखा मऊ प्लास्टिकचा धागा वापरतात. शेल आणि जर्नल दोन्ही पुसून कोरडे करायचे. बेअरिंगच्या रुंदीएवढा धाग्याचा तुकडा जर्नलवर शाफ्टच्या लांबीला समांतर ठेवायचा. कॅप बसवून पूर्ण टॉर्कला (मॅन्युअलने दिलेल्या पिळाच्या जोराला) आवळायची, आणि या दरम्यान क्रँक तसूभरही फिरू द्यायचा नाही. मग कॅप काढायची. धागा चपटा होऊन पट्टी झालेला असतो. पाकिटावर छापलेल्या पट्ट्यांशी तिची रुंदी ताडून पाहायची: पट्टी जितकी रुंद, तितकी फट कमी. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद दिसली तर जर्नल निमुळतं झालंय, आणि ते नवे शेल टाकून भागणार नाही. काम झालं की धागा नखाने किंवा तेलाच्या फडक्याने काढून टाकायचा, पात्याने नाही.

चुकीचे शेल आले असतील तर तेही इथेच उघडं पडतं. क्रँक ग्राइंड करून ०.२५ मिलिमीटर बारीक केला असेल तर शेलही त्याच अंडरसाइजचे, म्हणजे तेवढ्या बारीक जर्नलसाठी बनवलेले, लागतात. खोक्यावर काहीही छापलेलं असो, शेलच्या पाठीवरचा शिक्का वाचा.

सगळं जुळलं की शेलच्या आतल्या बाजूला असेंब्ली ल्युब किंवा तेल लावून क्रँक सरळ खाली उतरवायचा. एका बेअरिंगपाशी थ्रस्ट वॉशर असतात, ते क्रँकला पुढे-मागे सरकू देत नाहीत. क्लच दाबला की क्रँकवर पुढे ढकलणारा जोर येतो, तो हे झेलतात. त्यांच्यावरच्या तेलाच्या खाचा क्रँककडे तोंड करून हव्यात. कॅप हलक्या आवळून क्रँक एकदा पुढे, एकदा मागे ढकलायचा, म्हणजे थ्रस्टचे वरचे-खालचे भाग एका पातळीत येतात. मग शेवटचं आवळणं. एंड प्ले, म्हणजे क्रँकची पुढे-मागे मोकळीक, डायल गेज लावून पाहतात. साधारण ०.०५ ते ०.२५ मिलिमीटरच्या आत ती असते.

कॅप मधल्यापासून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत आवळायच्या, आणि प्रत्येक कॅप पूर्ण आवळल्यावर क्रँक हाताने एक फेरा फिरवायचा. मला या साऱ्या कामातली सगळ्यात मोलाची सवय हीच वाटते. तिसरी कॅप आवळल्यावर क्रँक जड झाला, तर दोष कुठे शोधायचा ते लगेच कळतं. पाचही आवळून मग फिरवून पाहणाऱ्याला पाचही खोलाव्या लागतात.

टॉर्क पाना काय मोजतो

बोल्ट आवळतो तेव्हा आपल्याला हवा असतो तो बोल्टमधला ताण. तो किंचित लांबतो आणि स्प्रिंगसारखा दोन भागांना आवळून धरतो. टॉर्क पाना मात्र ताण मोजत नाही, फिरवायला लागणारा जोर मोजतो. त्या जोरातला साधारण निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांतल्या घर्षणात, आणि जेमतेम १० टक्के प्रत्यक्ष ताणात उतरतो.

म्हणजे आट्यांत गंज किंवा कचरा असेल तर पाना वेळेवर टक् करतो, पण बोल्ट ढिलाच असतो. उलट, मॅन्युअलने कोरडे आटे गृहीत धरले असतील आणि आपण तेल लावलं, तर त्याच आकड्याला बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. तेल लावायचं की नाही, आणि कोणतं, हे सांगितलेलं असतं, तेच पाळायचं. टक् झाल्यावर ‘अजून एक हात’ मारून घ्यायची सवय ज्यांना आहे, त्यांनी टॉर्क पान्यावर पैसे न घातलेले बरे.

घर्षणाची ही भानगड टाळण्यासाठी आता बऱ्याच इंजिनांत आधी थोडा टॉर्क आणि मग ठरावीक अंश, उदाहरणार्थ ९० अंश, फिरवायला सांगतात. कोनावरून बोल्ट किती लांबला ते जास्त खात्रीने कळतं. यांतले पुष्कळ बोल्ट कायमचे ताणले जाईपर्यंत आवळायचे असतात. ते एकदाच वापरायचे. जुना बोल्ट दिसायला ठणठणीत असला तरी दुसऱ्यांदा तेवढा ताण देईलच असं नाही.

रिंगा

इंजिनाचं काम करून आणल्यावरही धूर येतो, ही तक्रार नवी नाही. त्याचं मूळ पुष्कळदा रिंगांत असतं.

साधारण पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरची वायू अडवते. मधली थोडा वायू अडवते आणि मुख्यतः भिंतीवरचं तेल खाली खरवडते. तिसरी तेलाची, ती बहुतेकदा तीन तुकड्यांची असते, मध्ये लाटांसारखी वळलेली पट्टी आणि तिच्या वर-खाली दोन पातळ कड्या.

रिंग स्वतःच्या ताणाने भिंतीला टेकते खरी, पण तो ताण थोडाच असतो. ज्वलन होतं तेव्हा वायू रिंगच्या वरून खाचेत, तिच्या पाठीमागे शिरतो आणि तिला बाहेर, भिंतीवर दाबतो. जेवढा स्फोट जोराचा, तेवढी रिंग घट्ट. म्हणून पिस्टनच्या खाचेत कार्बन साचलेला चालत नाही आणि रिंग खाचेत मोकळी फिरायला हवी.

रिंगच्या दोन टोकांमध्ये फट लागते. इंजिन तापलं की रिंग बोअरपेक्षा जास्त तापते आणि लांबते. वरच्या रिंगसाठी ठोकताळा बोअरच्या चार हजारांश, म्हणजे ७५ मिलिमीटरच्या बोअरला ०.३० मिलिमीटर. टर्बो असेल तर जास्त. मोजायचं असं: रिंग एकटीच बोअरमध्ये सरकवायची, उलट्या पिस्टनने ढकलून सरळ करायची आणि टोकांत फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) घालून बघायचं. बोअर जुनाच असेल तर खालच्या, न झिजलेल्या भागात मोजायचं, कारण तिथे तो सर्वांत अरुंद असतो. फट कमी निघाली तर टोक बारीक कानशीने बाहेरून आतल्या दिशेला घासायचं, म्हणजे बाहेरच्या कडेवरचा थर उडत नाही. ज्या सिलिंडरमध्ये मोजली, त्याच सिलिंडरची ती रिंग.

फट थोडी जास्त राहिली तर थोडा वायू निसटेल, इंजिन चालेल. कमी राहिली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, रिंगला वाढायला जागा उरत नाही, ती बोअर ओरबाडते आणि पिस्टनचा काठ तोडते. शंका आली तर जास्तीच्या बाजूला राहा.

रिंगवर ठिपका किंवा ‘टॉप’ असा शिक्का असतो, तो वर. मधली रिंग बहुतेकदा एका कडेला तिरपी घडवलेली असते. ती उलटी बसली की तेल खाली खरवडायच्या ऐवजी वर चढवते, आणि बोअर, पिस्टन, सगळं नवं असूनही सायलेन्सरमधून निळा धूर येतो. तेलाच्या रिंगमधल्या लाटदार पट्टीची टोकं एकमेकांना टेकलेली हवीत, एकावर एक चढलेली नकोत. पातळ कड्या हाताने गुंडाळत चढवता येतात. वरच्या दोन रिंगा मात्र रिंग एक्सपांडरनेच चढवाव्यात. हाताने पिळत चढवल्या की त्या कायमच्या वाकड्या होतात. शेवटी तिन्हींच्या फटी एका रेषेत येणार नाहीत अशा फिरवून ठेवायच्या. चालत्या इंजिनात रिंगा हळूहळू फिरतातच, त्यामुळे ही मांडणी कायम टिकत नाही. पण सुरुवात तरी सगळी दारं एका रेषेत उघडी ठेवून करू नये.

पिस्टन आत जाताना

पिस्टनच्या डोक्यावर बाण किंवा खूण असते, ती इंजिनाच्या पुढच्या बाजूला. पिस्टनला रॉडशी जोडणारी पिन बहुधा अगदी मध्यावर नसते, आवाज कमी व्हावा म्हणून किंचित सरकवलेली असते. पिस्टन उलटा बसला तर थंड इंजिन खडखडतं, आणि व्हॉल्व्हसाठी कोरलेले खड्डे चुकीच्या बाजूला गेले तर त्याहून वाईट. कनेक्टिंग रॉडलाही दिशा असते आणि नंबर असतात. हल्लीचे बरेच रॉड अखंड बनवून मग मुद्दाम तडकवून दोन तुकडे केलेले असतात. त्यांचे खडबडीत काठ फक्त आपल्या जोडीदारालाच बसतात, त्यामुळे कॅप बदलली तर दोन्ही गेले. पिनच्या टोकांच्या सर्क्लिप (पिनला निसटू न देणाऱ्या कड्या) नव्याच टाकायच्या.

रॉडमध्ये शेल बसवून, त्या बेअरिंगचीही फट मोजून झाली, की बोअर, रिंगा आणि पिस्टनचा घेर तेलाने माखायचा. रॉडला बोल्ट लागलेलेच असतील तर त्यांच्यावर रबरी नळीचे तुकडे चढवायचे, नाहीतर आत जाताना त्यांचे आटे जर्नलवर ओरखडा काढतात. त्या सिलिंडरचं जर्नल सगळ्यात खाली आणून ठेवायचं. रिंग कॉम्प्रेसर पिस्टनभोवती आवळून ब्लॉकच्या माथ्यावर सपाट टेकवायचा, आणि पिस्टन हातोडीच्या लाकडी दांड्याने हलक्या ठोक्यांनी आत ढकलायचा. दुसरा हात खालून रॉडला वाट दाखवायला. रिंगा एकेक करून आत जाताना हाताला कळतात. ठोका अचानक कडक लागला, पिस्टन अडला, की तिथेच थांबायचं. एखादी रिंग कॉम्प्रेसरमधून निसटून ब्लॉकच्या माथ्यावर आडवी आली आहे. आणखी एक ठोका म्हणजे तुटलेली रिंग. बाहेर काढून पुन्हा सुरुवात करायला दहा मिनिटं लागतात.

कॅप लावून, टॉर्क देऊन, क्रँक पुन्हा फिरवायचा. रिंगांमुळे आता तो आधीपेक्षा जड जाणारच. सगळ्या फेऱ्यात एकसारखा जडपणा ठीक. एकाच ठिकाणी अडकून सुटणं ठीक नाही. रॉड आणि क्रँक यांच्यातली बाजूची मोकळीक फीलर गेजने पाहून पुढच्या सिलिंडरकडे वळायचं.

उरलेलं, आणि पहिला स्टार्ट

मागच्या ऑइल सीलच्या ओठाला तेल लावायचं आणि स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे ठेवायची. टायमिंगच्या खुणा जुळवताना क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टचा) एक, एवढं ध्यानात ठेवायचं, आणि चेन किंवा बेल्ट चढवल्यावर क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा बघायच्या.

ऑइल पंप कोरडा बसवला तर त्याला तेल ओढायला वेळ लागतो, म्हणून आत तेल भरूनच बसवतात. पंपाला तेल ओढून देणाऱ्या नळीचा गॅस्केट नवा हवा, नाहीतर तो तेलाबरोबर हवाही ओढतो. खालचा चेंबर (ज्यात तेल साठतं ते तबक) लावताना सिलिकॉन हात राखून लावा. बाहेर ओघळलेलं दिसतं, तेवढंच आतही ओघळलेलं असतं. त्याचे तुकडे सुटून ऑइलच्या जाळीत अडकतात.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी स्पार्क प्लग काढून, इंधन बंद ठेवून, स्टार्टरने थोड्या थोड्या वेळाने इंजिन फिरवायचं, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मगच प्लग लावायचे. सुरू झाल्यावर गळती आणि प्रेशर तपासून ते पाहिजे तेवढं तापवलं, की फार वेळ नुसतं धडधडत उभं ठेवू नये. रिंगा भिंतीवर दाबायला वायूचा दाब लागतो, आणि तो भार घेतल्याशिवाय येत नाही. होनिंगच्या रेघांची टोकं ताजी आहेत तोवर रिंगा बसून घेतात. एकदा ती गुळगुळीत झाली की बसायच्या राहिलेल्या रिंगा पुढे सहसा बसत नाहीत. मध्यम भार द्या, वेग बदलता ठेवा, सुरुवातीला एकसारखं पूर्ण थ्रॉटलवर पळवू नका.

पहिलं ऑइल लवकर बदला आणि उतरवलेला फिल्टर टाकून देण्याआधी कापून आतला कागद उलगडून पाहा. करडी बारीक पूड दिसली तर ती नव्या रिंगांची, ती येणारच. चकचकीत पापुद्रे किंवा तांबूस कण दिसले तर बेअरिंग झिजतंय. गाडी तिथेच उभी ठेवून चेंबर खोलायला घ्या.